पेपरवालं पिल्लू घ्यावं, की जिथं आई बघायला मिळते ते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकत असेल तर लक्षात येईल. कोल्हापूरजवळ कळंब्याला स्वतःचं घर आहे, पुढं अंगण आहे, दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई दिवसभर घरी असतात. लॅब्रॅडॉरचं पिल्लू घ्यायचं ठरलंय आणि दोन ठिकाणं सापडलीत. एक विक्रेता शहराबाहेरचा. त्याच्याकडं ३५ दिवसांची पिल्लं आहेत, 'विथ पेपर', म्हणजे वंशावळीच्या प्रमाणपत्रासह, २२,००० आणि 'विदाऊट पेपर' १४,०००. आई फार्महाऊसवर असते म्हणून तिचा व्हिडिओ पाठवला, आणि हायवेवर तावडे हॉटेलपाशी पिल्लू आणून देतो म्हणाला. दुसरं ठिकाण जयसिंगपूरचं एक कुटुंब. घरचीच मादी व्यालीय, पेपर नाहीत, १५,००० सांगतात आणि दोन महिने झाल्याशिवाय पिल्लू हलवणार नाही म्हणतात. पेपर नसताना पिल्लू प्युअर कशावरून समजायचं, ही तुमची अडचण.

मी कोल्हापुरात कुत्र्या-मांजरांचीच प्रॅक्टिस करते. नवीन पिल्लू घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा 'डॉक्टर, प्युअर आहे ना?' हेच विचारतो. पण पुढच्या दहा-बारा वर्षांत तुमचा पैसा आणि झोप ज्यावर जाणार आहे, त्या गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्या महिन्यात पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा विषाणूजन्य आजार, वर्षाच्या आसपास कंबरेचे सांधे, नंतर कातडी आणि कान, आणि जन्मभर स्वभाव. यातलं काहीच पेपरवर छापलेलं नसतं. म्हणून तुमचा प्रश्न मी जरा फिरवून घेते: ही पिल्लं पहिले आठ आठवडे कुणाच्या घरात, कोणत्या आईजवळ वाढली, आणि ते तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघू देतात का?

काही गोष्टी तुमच्या गरजेवर अवलंबून आहेत, हे आधीच कबूल करते. तुम्हाला डॉग शोमध्ये उतरायचं असेल किंवा पुढं पैदास करायची असेल, तर पेपरशिवाय घेऊच नका. घरात मुलांबरोबर राहणारा कुत्रा हवा असेल, तर पेपर ही जमेची बाजू, पण अट नव्हे. तुमच्या लिहिण्यावरून दुसरा प्रकार दिसतो.

आता पेपर म्हणजे नेमकं काय ते बघू. केनेल क्लब ऑफ इंडिया (केसीआय) ही चेन्नईची संस्था. ब्रीडर, म्हणजे पैदास करणारा, तिच्याकडं आपल्या लिटरची, म्हणजे एका वेतातल्या पिल्लांची, नोंद करतो आणि प्रत्येक पिल्लाला एक प्रमाणपत्र मिळतं. त्यावर पिल्लाच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा नंबर, आई-बाप आणि मागच्या पिढ्या असतात. ही वंशावळीची नोंदवही आहे. ब्रीडरनं कळवलं ते तिथं लिहिलं जातं. आईच्या कंबरेचा एक्स-रे कुणी पाहिलेला नसतो, पिल्लं कुठं झोपतात हे बघायलाही कुणी आलेलं नसतं. 'केसीआय आहे म्हणजे हेल्दी आहे' या वाक्याला म्हणूनच काही आधार नाही.

तुमच्या पहिल्या विक्रेत्याचे दोन दर मला तिथंच खटकतात. लिटर एकच असेल तर ते एक तर नोंदवलेलं आहे किंवा नाही. नोंदणीचा आणि चिपचा खर्च एका पिल्लामागं ८,००० होत नाही. मग हा फरक कशाचा? काही वेळा तो दुसऱ्याच पिल्लाच्या कागदाचा असतो. काही वेळा 'पेपर मागून कुरिअरनं येतील' असं सांगतात आणि ते येतच नाहीत. प्रमाणपत्र हातात पडायला वेळ लागतो हे खरं आहे, त्यामुळं उशिरावरून कुणाला खोटं ठरवू नका. पण लिटर नोंदवल्याची पोच आणि आई-बापाच्या प्रमाणपत्रांचे फोटो आज मागितले तर आज मिळायला हवेत. शिवाय चिप रीडर असलेल्या डॉक्टरांकडं पिल्लू स्कॅन करून नंबर कागदाशी जुळतो का ते बघता येतं. याला विक्रेता तयार नसेल, तर तो पेपर २२,००० चा सोडा, फुकटही नको.

पेपरचा एक खरा उपयोग मात्र लोक करतच नाहीत. आईची आणि बापाची बाजू शेजारी-शेजारी ठेवून वाचा. एकच नाव दोन्हीकडं आलं असेल, तर जवळच्या नात्यात मेटिंग झालंय. बिनपेपरच्या घरगुती लिटरमध्ये हे कळायला मार्ग नाही, आणि हा तुमच्या जयसिंगपूरच्या पर्यायाचा कच्चा दुवा आहे. आपल्या भागात मेटिंगला ठेवलेले चांगले नर मोजकेच. एकाच नराची पिल्लं सांगलीपासून गडहिंग्लजपर्यंत पसरलेली असतात, आणि दोन-तीन वर्षांनी त्यांचीच आपसात मेटिंग होतात. कुणाचा हेतू वाईट नसतो, नोंद ठेवलेली नसते एवढंच. म्हणून त्या कुटुंबाला बापाबद्दल नीट विचारा. तो कुणाचा, त्यांनी कुठून आणला, आणि यांच्या मादीचं मूळ घर कोणतं. जमलं तर नर बघूनच या. मालक सहसा हौसेनं दाखवतात.

प्युअर की नाही याचा बराचसा उलगडाही तिथंच होतो. दोन महिन्यांचं पिल्लू, समोर आई, आणि बाप बघितलेला, एवढं असेल तर लॅब, म्हणजे लॅब्रॅडॉर, ओळखायला कागद लागत नाही. जाड, बुडाशी रुंद शेपूट, आखूड आणि दाट केस, रुंद कपाळ, पडलेले कान. याउलट तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं सगळी गोलमटोल आणि सारखीच दिसतात, आणि त्या वयात मिश्र पिल्लू लॅब म्हणून सहज खपतं.

आता वयाकडं येते, कारण माझ्या दृष्टीनं दोन्ही पर्यायांतला सगळ्यात मोठा फरक हाच आहे.

३५ दिवसांचं पिल्लू विकायची घाई का असते? चौथ्या आठवड्यानंतर आईचं दूध पुरत नाही. आठ-नऊ पिल्लांना दिवसातून चार वेळा खायला घालायचं, तेवढ्याच वेळा घाण काढायची, जंताचं औषध द्यायचं, लस टोचायची. पुढच्या तीन-चार आठवड्यांत खर्च आणि कष्ट दोन्ही अंगावर येतात, आणि एखादं पिल्लू आजारी पडण्याचा धोकाही याच काळातला. पिल्लू लवकर दिलं की हे सगळं तुमच्या घरी येतं. 'लहानपणी नेलं की लळा लागतो' हे तुम्हाला सांगायचं कारण. लळा आठ आठवड्यांच्या पिल्लालाही तितकाच लागतो. उलट पाचव्या ते आठव्या आठवड्यात भावंडांशी खेळताना ते एक गोष्ट शिकतं, किती जोरानं चावलं की समोरचं पिल्लू ओरडून खेळ थांबवतं. लवकर उचललेली पिल्लं हा धडा तुमच्या मुलांच्या हातापायांवर गिरवतात. 'डॉक्टर, फार चावतंय' म्हणून आलेल्या पिल्लाला कितव्या दिवशी आणलं हे मी पहिल्यांदा विचारते, ते याचसाठी.

आणि हे नुसतं माझं मत नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम २०१७ साली आले. त्यांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. विक्रीसाठी पैदास करणाऱ्यानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची असते, आणि नुसती खरेदी-विक्री करणारा मधला माणूसही त्यात येतो. मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय तिची पैदास करायची नाही, लागोपाठच्या दोन माजांना करायची नाही, आणि आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत. पिल्लाला लस आणि मायक्रोचिप असायला हवी.

प्रत्यक्षात घरगुती लिटर विकणाऱ्या बहुतेकांकडं ही नोंदणी नसते. त्या जयसिंगपूरच्या कुटुंबाकडंही कदाचित नसेल. विचारा जरूर. पण 'नोंदणी नाही' एवढ्यावर मी त्यांच्यावर फुली मारणार नाही. मादीचं वय किती, हे कितवं वेत, आधीचं कधी झालं, या तीन प्रश्नांची उत्तरं मला जास्त सांगून जातात. लॅबची मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि गाभणपण ६३ दिवसांचं. मागचं लिटर आठ महिन्यांपूर्वी झालं असेल तर तिला एकही माज मोकळा मिळालेला नाही, हा हिशेब उभ्या उभ्या करता येतो. तसाच दुसरा हिशेब धंदेवाल्याचा. 'लॅब, जर्मन शेफर्ड, पग, शिह त्झू, सगळं कायम उपलब्ध' असं जो सांगतो, त्याच्याकडं प्रत्येक जातीच्या किती माद्या असाव्या लागतील? तेवढ्या दिसत नसतील तर पिल्लं बाहेरून येतात. वेगवेगळ्या ठिकाणची पिल्लं एका खोलीत, हे पार्व्होला दिलेलं आमंत्रण.

पार्व्होचं गणित समजून घ्या, पुढं भांडायच्या वेळी उपयोगी पडेल. विषाणू अंगात शिरल्यापासून साधारण तीन ते सात दिवसांनी पिल्लू सुस्त होतं, उलट्या सुरू होतात, मग रक्ताचे जुलाब. घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी असं झालं, तर लागण तुमच्याकडं येण्याआधीची आहे. विक्रेता हमखास म्हणतो, 'माझ्याकडं खणखणीत होतं, तुमच्या इथंच काहीतरी झालं.' अशा पिल्लाला सलाईनवर ठेवून वाचवायचा खर्च बऱ्याचदा पिल्लाच्या किमतीच्या घरात जातो, आणि तरी सगळी वाचत नाहीत. अंगणात हा विषाणू महिनोन्महिने टिकतो, साध्या फिनाईलवर विसंबता येत नाही, ब्लीचिंगसारखं काहीतरी लागतं. तुमच्या घरात गेल्या वर्षभरात कुठलं पिल्लू अशा आजारानं गेलं असेल, तर नवीन पिल्लू आणण्याआधी मला किंवा तुमच्या डॉक्टरांना ते सांगा.

'पहिलं इंजेक्शन झालंय' या वाक्यालाही पारखून घ्या. आईच्या चिकातून पिल्लाला जे संरक्षण मिळतं, तेच सुरुवातीला लशीला काम करू देत नाही. ते कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी लस देतो आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर देतो. तिसाव्या दिवशी टोचलेल्या एका इंजेक्शनवर भिस्त ठेवता येत नाही. कार्डावर लशीच्या बाटलीचं स्टिकर हवं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत हवी, शेजारी तारीख आणि डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक हवा. पेनानं नुसतं 'नाईन इन वन' (अनेक रोगांवरची एकत्र लस) लिहिलेलं कार्ड मी कोरं समजते आणि पहिल्यापासून सुरू करते. लस फ्रीजमध्ये ठेवावी लागते, दुचाकीच्या डिकीतून आलेली लस म्हणजे पाणी टोचल्यासारखंच. जाता जाता, आपल्याकडं पंचगंगेच्या पुराचा आणि पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्याचा विचार करून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस टाळू नका. घुशी-उंदरांच्या लघवीतून तो रोग पाण्यात उतरतो, आणि तो माणसालाही होतो.

घरी गेल्यावर काय बघायचं? आधी आई. ती दिसलीच पाहिजे, आणि पिल्लांबरोबर दिसली पाहिजे. काही जण एखादी देखणी मादी आणून 'हीच आई' म्हणतात. सहा-सात आठवड्यांच्या पिल्लांची आई जरा उतरलेली असते, केस गळत असतात, सड अजून लोंबलेले आणि पिल्लांच्या नखांनी ओरखडलेले असतात. चकाचक, घट्ट पोटाची मादी पुढं आली तर शंका घ्या. ती तुमच्याशी कशी वागते हे बघा. पिल्लांजवळ जाताना थोडी सावध असणं ठीक, पण मालकानं धीर दिल्यावरही गुरगुरत राहणारी किंवा कोपऱ्यात थरथरणारी आई मला नको. भित्रेपणा काही रक्तातून येतो आणि काही पिल्लं आईकडं बघून शिकतात. दोन्ही वाटांनी तो तुमच्या घरी येईल, आणि तुमच्या घरी लहान मुलं आणि वयस्कर बाई आहेत.

पिल्लांमध्ये हिरड्या गुलाबी हव्यात. पांढुरक्या असतील तर जंत किंवा गोचीड रक्त पीत आहेत. अंग बारीक आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं असेल तर जंतच. गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात, म्हणून जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी द्यायचं असतं, त्याच्या तारखा विचारा. नर घेणार असाल तर आठ आठवड्यांना दोन्ही अंडकोष खाली उतरलेले लागले पाहिजेत. खायला काय घालतात हेही विचारा. 'दूध-चपाती' एवढंच उत्तर आलं तर पिल्लाची हाडं कच्ची असण्याची शक्यता आहे. त्यावर स्वतःच्या मनानं कॅल्शियमची बाटली सुरू करू नका. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लात जादा कॅल्शियमनं सांधे बिघडतात.

कंबरेचं दुखणं, म्हणजे हिप डिसप्लेझिया, आठ आठवड्यांच्या पिल्लात बघून कळत नाही. तसं सांगणारा कुणीही असो, विश्वास ठेवू नका. लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड यांच्यात तो आई-बापाकडून बऱ्यापैकी येतो, आणि लहानपणी वजन भरमसाट वाढवलं, गुळगुळीत फरशीवर घसरू दिलं तर बळावतो. खरा उपाय म्हणजे पैदाशीआधी आई-बापाचा एक्स-रे. 'काढलाय का?' असं आपल्या भागात विचारलं तर बहुतेक जण तोंडाकडं बघतात. तरी विचाराच. 'नाही काढला, पण दोघंही चार वर्षांची आहेत, चालवून दाखवतो' हे प्रामाणिक उत्तर झालं, ते मला चालतं. 'आमच्या लाईनमध्ये असलं काही नसतं' हे चालत नाही, कारण एक्स-रे न काढता ते कुणालाच माहीत नसतं.

या सगळ्यापेक्षा मला जास्त भरवशाची वाटणारी एक गोष्ट आहे, आणि ती जवळजवळ कुणीच करत नाही. आधीच्या लिटरमधलं पिल्लू नेलेल्या दोन-तीन घरांचे फोन नंबर मागा आणि खरोखर फोन करा. ती कुत्री आता दोन-तीन वर्षांची असतील. उठताना मागचे पाय ओढतात का, कान सारखे वाहतात का, अंगाला खाज असते का, अनोळखी माणसावर धावतात का, आणि ब्रीडर अजून फोन उचलतो का. पाच मिनिटांत जे कळतं ते कुठल्याही कागदावर नसतं. पहिलंच वेत असेल तर अशी घरं नसणार. मग मादी जिथून आणली तिथल्या तिच्या भावंडांबद्दल विचारायचं. जबाबदार माणसाला हा प्रश्न खुपत नाही, कारण त्याचा त्या घरांशी संबंध तुटलेला नसतो.

माझ्याकडं येणाऱ्या एका ताईंचं उदाहरण देते. त्यांच्याकडं एकच लॅब मादी होती आणि तिची दोनच वेतं घेतली. प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा, आणि वहीत रोजचं वजन. एक दिवस 'हिरव्याचं वजन कालच्याएवढंच आहे' म्हणून फोन आला. त्या वयात पिल्लाचं वजन रोज वाढायलाच हवं, त्यामुळं तो फोन अगदी योग्य होता. न्यायला येणाऱ्यांना त्या घरात दिवसभर कोण असतं, घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी आहे का, गावाला गेल्यावर कुत्रा कुठं ठेवणार, हे सगळं विचारायच्या. काहींना परत पाठवलं. एका गृहस्थांना याचा राग आला आणि ते मला म्हणाले, 'पैसे आम्ही देणार आणि मुलाखतही आमचीच?' तर हो, तसंच. जो तुम्हाला काहीच विचारत नाही, त्याला पिल्लू कुठं जातंय याच्याशी देणंघेणं नाही. त्या ताईंकडं केसीआय पेपर नव्हते.

जाहिरातींतली भाषाही थोडी सांगते. 'हेवी बोन', 'डबल बोन', 'शो क्वालिटी', 'चॅम्पियन ब्लडलाईन' या शब्दांना पाच आठवड्यांच्या पिल्लाबाबत काही अर्थ नाही. 'डबल बोन' असं काही हाड शरीरात नसतं. लॅबच्या बाबतीत जाडजूड पिल्लाचं कौतुक तर उलट्या दिशेनं नेतं, कारण या जातीत खा-खा करणारी बरीच असतात. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी भुकेशी संबंधित एका जनुकातला बदल लॅबमध्ये शोधला, साधारण चारातल्या एका लॅबमध्ये तो सापडतो. सगळ्यात गुबगुबीत पिल्लू उचलायचा मोह म्हणून आवरा.

'लॅबच का?' हे मी तुम्हाला विचारणार नाही. पहिला कुत्रा, मुलं, अंगण, तुमची निवड योग्य आहे. हस्की किंवा सेंट बर्नार्ड विचारला असतात तर आपल्या एप्रिल-मेवरून आणि नंतरच्या चार महिन्यांच्या ओलीवरून भांडले असते. शेतावर राखणीला हवा असता तर कारवानी, म्हणजे मुधोळ हाउंड सुचवला असता. आपल्या हवेत तो निवांत राहतो, आणि मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं त्या जातीचं केंद्रही आहे. पण तो पळणारा, जरा अलिप्त कुत्रा. कळंब्याच्या अंगणात मुलांच्या अंगावर लोळणारा तो नव्हे.

पैशाचं. अनोळखी माणसाला फोटोवरून आगाऊ रक्कम पाठवू नका. 'बुकिंग करा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक नेतंय' ही घाई नेहमीचीच. साध्या कागदावर लिहून घ्या: जन्मतारीख, आई-बाप कोण, दिलेल्या लशी आणि जंताची औषधं, आणि तीन दिवसांत डॉक्टरांच्या तपासणीत जन्मजात दोष किंवा संसर्गजन्य आजार निघाला तर पिल्लू परत घेऊन पैसे द्यायचे. चांगला ब्रीडर यात स्वतःहून भर घालतो: पुढं कधीही सांभाळणं जमलं नाही तर रस्त्यावर सोडू नका, कुणालाही देऊ नका, मला परत आणून द्या. हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकलंय ते सगळेच चांगले निघाले.

तर तुमच्या दोन पर्यायांबद्दल. पहिल्या विक्रेत्याला एकदा फोन करून सांगा की फार्महाऊसवर येऊन आई आणि सगळी पिल्लं एकत्र बघायची आहेत, आणि दोन महिने पूर्ण झाल्यावरच नेणार. तो तयार झाला, तर मी त्याच्याबद्दल चुकीचा अंदाज केला असं समजा आणि बघून या. नाही म्हणाला, किंवा पुन्हा हायवेवरच भेटू म्हणाला, तर विषय संपला, पेपर असो वा नसो. जयसिंगपूरला मात्र नक्की जा. मादीचं वय, वेताचा क्रम, बाप कोण, आधीच्या पिल्लांची घरं, एवढं समाधानकारक निघालं तर पेपर नाही म्हणून ते पिल्लू सोडू नका. तिथंही काही खटकलं तर थांबा. लॅबची पिल्लं या भागात वर्षभर होत असतात. आठ-दहा महिन्यांची, 'आता सांभाळणं होत नाही' म्हणून घर शोधणारी लॅबही बऱ्याचदा माझ्या कानावर येतात. तशी चालणार असेल तर तेही कळवा.

पहिल्या भेटीला मुलांना नेऊ नका. एकदा पिल्लू त्यांच्या मांडीवर बसलं की तुमच्या तोंडून 'नको' निघणार नाही. आणि दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी करू नका. एकीकडचा पार्व्हो तुमच्याच चपलांना लागून दुसरीकडच्या पिल्लांपर्यंत जाऊ शकतो. मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या, कपडे धुवा, आणि दुसरीकडं जाताना वेगळी पादत्राणं घाला.